डीबीवरचे नामकरण

घरातील वायरिंगला नावे देण्याचे काम दोन ठिकाणी होते : वायरच्या टोकाशी आणि डीबीच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डाच्या, झाकणावर. पहिले काम वायरमन करतो आणि ते कोणाला दिसत नाही. दुसरे घरमालक करतो आणि ते पाहुण्यांना दाखवले जाते.

वायरची पहिली ओळख रंगाने पटते. एका फेजच्या घरात लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. तीन फेज असतील तर लाल, पिवळा, निळा. ही शिस्त कॉइल संपेपर्यंत टिकते. संध्याकाळ झालेली, दुकान लांब आणि पाइपात दोन मीटर वायर कमी, अशा वेळी हाताला येईल तो रंग ओढला जातो आणि ‘राहू द्या, माझ्या लक्षात आहे’ असे आश्वासन मिळते. मग ज्याच्या लक्षात आहे तो दुसऱ्या साइटवर निघून जातो. त्यात उपकरणांच्या वायरीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. म्हणजे तीन फेजच्या वायरिंगात झटका देणारी निळी टेबलफॅनच्या वायरीत न्यूट्रल होऊन बसते. रंग पाहावा आणि टेस्टर लावावा, हे बरे.

कारखान्याच्या पॅनेलमध्ये रंग पुरत नाहीत. तिथे करड्या वायरींचे जुडगेच्या जुडगे असतात, म्हणून फेरूल वापरतात. फेरूल म्हणजे वायरच्या टोकावर ओवायची प्लास्टिकची बारीक नळी, तिच्यावर आकडा. लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवण्याआधी ती ओवावी लागते. राहून गेली तर लग कापून पुन्हा मुळापासून सुरुवात. इंग्रजी ६ उलटा बसला की ९ होतो, म्हणून त्यांच्याखाली रेघ किंवा टिंब देतात. आकडा दोन्ही टोकांना हवा. एकाच टोकाला फेरूल घालून समाधानाने हात झटकणारे कारागीर आढळतात. पत्ता लिहिलेले पाकीट स्वतःच्याच खिशात ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

आता झाकणाकडे. डीबीत एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारी बटणे, ओळीने बसवलेल्या असतात : दिव्यांना ६ किंवा १० अँपिअरच्या, गीझर-एसीला त्याहून मोठ्या. शेजारी आरसीसीबी. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सप्लाय तोडते. प्रत्येकीखाली लेबलापुरती जागा असते आणि सुशिक्षित घरमालकाची परीक्षा त्या जागेत होते. प्रस्तुत लेखकाच्या घरी ही लेबले कटनिबच्या पेनाने, काळ्या शाईत, वळणदार अक्षरांत लिहिलेली आहेत : ‘अभ्यासिका’, ‘ग्रंथालय’, ‘अतिथिकक्ष’, ‘पाकगृह’. अभ्यासिकेत इस्त्रीचे टेबल आणि घरघंटी आहे. ग्रंथालय म्हणजे पॅसेज. त्यात दोन फळ्या. अतिथिकक्षात अतिथी झोपल्याचे कोणालाच आठवत नाही, कारण पलंगावर गाद्या रचलेल्या असतात. अक्षराचे कौतुक मात्र बरेच झाले. वायरमनने ही ओळ शांतपणे वाचली आणि विचारले, “साहेब, ते ग्रंथालय-बिंथालय राहू द्या. गीझर कशावर आहे?” गीझर कुठेच लिहिलेला नव्हता. इतक्या देखण्या ओळीत त्या शब्दाला जागा उरली नव्हती.

लेबलावर माणसाचे नाव लिहू नये, जागेचे लिहावे, हा साधा नियम. माणसे जागा बदलतात, एमसीबी बदलत नाही. तरी कित्येक डीबींवर बॉलपेनने लिहिलेले ‘ताई’ असते. ताई लग्न होऊन गेलेली असते, खोलीत रिकामी खोकी साठलेली असतात, आणि पावसाळ्यात ओल आली की घरात कोणीतरी ओरडते, “ताई पडली गं परत!” ते लेबल चुकीचे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते नखाने खरवडून काढायला आईचा हात होत नाही, आणि तिला कोणी सांगतही नाही. नियमाला हा एक अपवाद मान्य करावा.

या शास्त्रातले सर्वांत यशस्वी लेबल मात्र डीपीवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर, टांगलेले असते : कवटी आणि दोन हाडे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच ही कवटी सांगितलेली होती. सोबत स्थानिक भाषेतला मजकूरही हवा. सरकारी कागदांत इतकी निःसंदिग्ध कलमे क्वचित सापडतात. कवटीला शिफारस लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, तिचे भाषांतर करावे लागत नाही. तिचा चेहरा चित्रकारागणिक बदलतो. कुठे ती दरडावते, कुठे बत्तीशी दाखवून चक्क हसते; एखाद्या गावी तिला भुवयाही असतात, आणि त्यामुळे ती मुख्याध्यापकांसारखी दिसते. तिच्याखाली वडापावची गाडी लागते, शेळ्या खांबाला अंग घासतात, आणि वाढदिवसाच्या दिवशी भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फ्लेक्स नेमका तिच्यावर चढतो. तेव्हा ११००० व्होल्टच्या जागी ‘दादांना उदंड आयुष्य लाभो’ हा मजकूर येतो. फ्लेक्स बांधणारा पोरगा तारेपासून हातभर अंतरावर उभा असतो. त्याच्या आयुष्याबद्दल त्यावर काही लिहिलेले नसते.

घरातल्या डीबीवर कवटी नसते. एका ओळीला मात्र ती शोभली असती : इन्व्हर्टरच्या. मेन बंद केला की इन्व्हर्टरची समजूत होते लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे बॅटरीवरून पंखे-दिवे चालू करतो. मेन पाडून निर्धास्तपणे शिडीवर चढलेल्या वायरमनला घरात इन्व्हर्टर आहे हे कोणी सांगेलच असे नाही; तो माळ्यावर असतो, नाहीतर कपाटामागे. म्हणून मेनच्या अगदी शेजारी, कुठल्याही पेनाने, वेड्यावाकड्या अक्षरात का होईना, एवढे लिहावे : ‘इन्व्हर्टर आहे. तोही बंद करा.’ आणि तो कुठे ठेवला आहे, तेही.