डिसेंबरात बर्फ कोण देतो?

काय दिवस आले पाहा! दिग्रसमध्ये डिसेंबर म्हटला की कापसाची वेचणी, भावाची काळजी आणि जमलंच तर अरुणावती धरणाकडे रोडगे-वांग्याची पंगत. यंदा मात्र चारचौघं भेटली की ‘कापूस विकला काय?’ हा प्रश्न मागं पडला. ‘तुमचं स्कीइंगचं ठरलं काय?’ असं विचारतात. विचारणारी मंडळीही साधीसुधी नाहीत. भिशीच्या बायका आहेत, शाळेतले सर आहेत, कृषी केंद्रवाले आहेत. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला!

‘माणशी सोळा हजार, सारं धरून,’ असं एका ताईनं भिशीत जाहीर केलं आणि खूळ पसरलं. तिची सासू कपाळाला हात लावून बसली. ‘मायबाई! न्हाणीत पाय घसरला तं यवतमाळले न्या लागते, आन् हे पैसे देऊन घसरायले चालले!’ म्हातारीच्या म्हणण्याला तोड नाही.

पण या सोळा हजारांची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. नागपूरपर्यंत एसटी, कारण 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळं गटात बायका जास्त घ्यायच्या, असा हिशेब झाला. (नवऱ्यांना मागं ठेवण्याचं इतकं सभ्य कारण याआधी सापडलं नव्हतं.) ही सवलत राज्याच्या हद्दीपाशी संपते, पुढं रेल्वेचा स्लीपर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे वीस डिसेंबरला निघायचं तर एकवीस ऑक्टोबरला सकाळी मोबाइल धरून बसायचं. एका तिकिटावर सहाच नावं. चोवीस जणांची चार तिकिटं, म्हणजे चार गट. कोण कुणासोबत बसणार यावरून दोन जावांमध्ये जे झालं ते इथं छापण्यासारखं नाही. शिवाय डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन. परतीला मुक्काम पडला तर खोली कोण देतो?

एवढी सगळी तयारी झाली, यवतमाळहून तिबेटी लोकांकडचे स्वेटर आले, चिवडा-ठेच्याचे डबे मोजून झाले. बर्फाचं मात्र कुणीच पाहिलं नाही. वीस डिसेंबरला तो डोंगरात असेल कशावरून? काश्मिरात थंडीचा खरा कडाका, चिल्लई कलान, सुरूच होतो एकवीस डिसेंबरला आणि चालतो चाळीस दिवस. तोही हल्ली शब्द पाळत नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे पडले होते आणि 2025 मध्ये बर्फच नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुढं ढकलाव्या लागल्या. जिथं खेळाडूंना बर्फ मिळत नाही, तिथं दिग्रसच्या भिशीसाठी राखून ठेवतील? उत्तराखंडात औलीला जावं, तर जोशीमठहून वर नेणारा रोपवे 2023 च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हाच बंद पडला.

मग राहिलं मनाली. आणि खरा गौप्यस्फोट इथंच आहे, जरा जवळ या. सोलंगला डिसेंबरात बर्फ नसला की टॅक्सीवाला म्हणतो, ‘पुढं चला.’ म्हणजे नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूकडे, वेगळे पैसे देऊन. वाटेतल्या दुकानात रंगीत अंगरखा आणि गमबूट भाड्यानं, तेही वेगळे. मग कुठंतरी सपाट जागी पायात फळ्या अडकवतात, शिकवणारा कंबरेला धरतो, मोबाइल निघतो, फोटो होतो, फळ्या सुटतात. झालं स्कीइंग! तेवढ्या वेळात बिचारी बाई एकच धडा शिकते: थांबायचं असेल तर पायांचे अंगठे एकमेकांकडे, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले. तोल गेलाच तर कुशीवर पडायचं. आणि या फळ्यांचं भाडं सोळा हजारांत आहे का? छे! त्यात जेवण आहे, हिडिंबेचं मंदिर आहे, मॉल रोडवर शाल-खरेदीला मोकळा वेळ आहे. स्कीइंग तेवढं ‘ज्याचं त्यानं’.

खरं स्वस्त स्कीइंग कुठं असतं हे गटातल्या एका पोरीनं शोधून काढलं, आणि तिच्यावर सगळे खवळले. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे. मनालीला अटलजींच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे. औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं. राहणं, जेवण, फळ्या, बूट, शिकवणारा, सगळं एका फीमध्ये. शिवाय वर्ग साधारण जानेवारीपासून, म्हणजे बर्फ असण्याची शक्यता तरी बरी. रोजचे तास बर्फावरच. पडा, उठा, पुन्हा वर चढा. फळ्यांवर रोज एवढा वेळ मिळाला तर टॅक्सीवाल्याच्या हिशेबात ते कितीला पडेल, हे तिनं वहीत मांडून दाखवलं. सभेत एकदम शांतता.

मग तोंडं उघडली. फेब्रुवारीत लग्नं आहेत. बारावी-दहावीची परीक्षा आहे. हरभरा आहे. चौदा दिवस घर कोण सांभाळणार? पहाटे उठवतात म्हणे! कृषी केंद्रवाले काकाजी इतका वेळ गप्प होते. सोबत न्यायच्या आचाऱ्याला त्यांनी आधीच पाचशे रुपये इसार देऊन ठेवला होता. त्यांनी वहीवरून नजर फिरवली आणि विचारलं, ‘तुया त्या संस्थेत आमचा आचारी येऊ देतीन काय?’

पोरगी म्हणाली, ‘नाही. त्यांच्या मेसमध्येच जेवावं लागतं.’

‘मंग हटव बाप्पा,’ काकाजी म्हणाले. वीस डिसेंबर कायम झाला. पोरीनं मात्र औलीच्या फेब्रुवारीच्या वर्गाचा अर्ज भरायला घेतला आहे, आणि गावात कुजबुज अशी की त्यात दुसरं नाव भिशीवाल्या त्या ताईचंच आहे. सोळा हजारांचा आगाऊ हप्ता परत कसा मागायचा, एवढंच तिला सुचेना झालंय.