मुलं आवडीनं घेतात, सर!

मी औषध कंपनीचा एमआर आहे. दवाखान्यात तुमचा नंबर सतरावा असतो, मांडीवरच्या पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच टाय लावलेला, हातात जाडजूड काळी बॅग धरलेला एक इसम हसत हसत सरळ आत जातो. बाकावरचे सगळे त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघतात. तो मी.

अकरा वर्षं मी मिरजेत हे काम करतोय. मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, सतारी आणि दवाखाने. सतारीतलं मला काही कळत नाही. दवाखान्यांतलं सगळं कळतं, असा माझा समज होता.

माझ्या बॅगेतला मुख्य माल म्हणजे लहान मुलांचं तापाचं गुलाबी सिरप. डॉक्टरांसमोर मला मिनिट-दीड मिनिट मिळतं. त्यात व्हिज्युअल एडचं तिसरं पान उघडायचं. त्यावर एक गुटगुटीत बाळ हसतंय, शेजारी बाळाच्या डोक्याएवढी स्ट्रॉबेरी. मग वाक्य टाकायचं, "टेस्ट एकदम उत्तम, सर. मुलं आवडीनं घेतात." डॉक्टर तेव्हा मोबाइल बघत असतात. दिवसाला दहा वेळा धरलं, तरी आजवर हे वाक्य मी पंचवीसेक हजार वेळा म्हटलं असेल. इतक्या वेळा रामनाम घेतलं असतं, तर त्या रात्री देव तरी धावून आला असता.

ती रात्र होती १९ नोव्हेंबर २०२४ ची. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. माझी बायको शाळेत शिक्षिका, म्हणजे निवडणूक ड्यूटी ठरलेली. मतदानाची यंत्रं आणि पेट्या घेऊन आदल्या दिवशीच केंद्रावर मुक्कामाला जायचं असतं. तिला जत तालुक्यातलं असं गाव मिळालं होतं, जिथं मतदार होते पण मोबाइलची रेंज नव्हती. निघताना ती म्हणाली, "मनूचं अंग सकाळपासून कोमट लागतंय. ताप चढला तर सिरप द्यावं लागेल. जमेल ना?"

मी हसलो. सचिनला कुणी "बॅट धरता येते ना?" विचारावं, तसं. "अगं, रोज विकतो मी ते."

"विकणं वेगळं," एवढं बोलून ती गेली.

मनू अडीच वर्षांची. संध्याकाळी आठला तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला. बीप वाजला, १०२.४. मी अजिबात घाबरलो नाही, कारण प्रश्न माझ्या अभ्यासक्रमातला होता. पॅरासिटामॉल, किलोला पंधरा एमजी. मनूचं वजन बारा किलो, म्हणजे १८०. सिरप पाच एमएलमध्ये १२० एमजीचं मिळतं आणि २५० चंही मिळतं. १२० वालं घेतलं तर साडेसात एमएल पाजायला लागतं, २५० वाल्यात साडेतीनवर भागतं. ड्रॉप्स तर याहून दाट, एका एमएललाच १०० एमजी. म्हणून ड्रॉप्सचा हिशेब सिरपला लावायचा नाही आणि घरातल्या चमच्यानं मोजायचं नाही, हे मी नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये डोळे मोठे करून सांगतो. थोडक्यात, बाटलीपासून ओठांपर्यंतचं सगळं ज्ञान माझ्याकडे होतं. ओठांच्या पुढचं व्हिज्युअल एडमध्ये नव्हतं.

सुरुवात सवयीप्रमाणे डिटेलिंगनं केली. "मनू, हे बघ, किती छान गुलाबी! स्ट्रॉबेरी आहे, स्ट्रॉबेरी!"

"नको."

इतका सुटसुटीत नकार मला धंद्यात कुणी दिला नव्हता. डॉक्टर निदान "बघतो" म्हणतात.

मग मी बिनसुईची सिरिंज काढली. साडेतीनची खूण मापाच्या टोपणावर नसते, सिरिंजवर असते. पण सिरिंज दिसताच मनूनं दोन्ही मांड्या हातांनी झाकून घेतल्या. दीड वर्षाची असताना बूस्टरची इंजेक्शनं झाली होती. त्याला वर्ष उलटलं, पण तिची फाइल बंद झालेली नव्हती. "सुई नाही गं यात," असं मी सिरिंज स्वतःच्या दंडावर दाबून दाखवत होतो, तोवर ती डायनिंग टेबलाखाली पोचली होती.

तिसरा प्रयोग आम्रखंडाचा. वाटीत चमचाभर आम्रखंड, त्यात सिरप. पिवळ्यात गुलाबी मिसळून भिंतीला प्रायमर मारतात तसला काहीतरी रंग झाला. मनूनं जिभेचं टोक लावलं, माझ्याकडे ऑडिटरच्या नजरेनं बघितलं आणि वाटी अतिशय शांतपणे पालथी केली. त्या दिवसापासून आमच्या घरात आम्रखंड येत नाही. माझं अत्यंत आवडतं होतं.

आता मी आईला फोन लावला. ती कवठेमहांकाळला असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाक दाबलं की तोंड उघडतंय. त्यात काय एवढं? तुला मांडीवर आडवा घालून बोंडल्यानं गुटी पाजायची तुझी आज्जी. वेखंड उगाळायला सहाण काढली की तू बोंबलायला सुरुवात करायचास. तुझी लेक तुझ्यावरच गेलीय."

माझ्या सेल्सच्या पुस्तकात या पद्धतीला फार जुना आधार आहे, पण तो मॅनेजर लोक आमच्यावर वापरतात. मी मनूला चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं, आज्जीचं स्मरण केलं आणि नाक दाबलं. म्हण खरी निघाली, तोंड उघडलं. पण उघडलेल्या तोंडातून काय बाहेर येतं, याबद्दल म्हण गप्प आहे. आधी किंकाळी आली, मग जोराचा ठसका, आणि ठसक्याबरोबर सिरपचा फवारा. माझा शर्ट, सोफ्याचं कव्हर आणि भिंतीवरचं कालनिर्णय, सगळं न्हालं. नोव्हेंबरच्या पानावर दहा-बारा गुलाबी सण वाढले.

मनूचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी. ती माझ्याकडे अशी बघत होती, की त्या नजरेत ओळख औषधालाही उरली नव्हती. माझे हातपाय गळाले. किती पोटात गेलं, किती भिंतीवर, काही कळेना. रात्रीचे साडेआठ झाले होते. मी बालरोगतज्ज्ञांना फोन केला, ज्यांच्या केबिनमध्ये महिन्यातून दोनदा जातो.

"काय ओ, आता रात्रीपण कॉल करायला लागलात?" ते म्हणाले. "कुठली स्कीम आणलीय?"

"स्कीम नाही सर. मुलीला ताप आहे. औषध घेत नाही."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग घसा खाकरल्याचा आवाज. माझी खात्री आहे, ते हसू दाबत होते.

"पाणी पितेय? शू होतेय? मधूनमधून खेळतेय?"

"हो सर. आत्ता टेबलाखालून पळाली."

"मग घाबरू नका. थर्मामीटरला औषध द्यायचं नसतं, मुलीला द्यायचं असतं. ताप असून पोरगं खेळत असेल तर थोडं थांबलं तरी चालतं. मलूल पडली, पाणी सोडलं, श्वास जोरात चालला, तर मात्र वाट न बघता घेऊन या. आणि नाक दाबून पाजलं नाही ना?"

मी गप्प.

"श्वासनलिकेत गेलं असतं म्हणजे? बसवून द्यायचं. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. आता किती गेलं ते माहीत नाही ना, मग अंदाजानं परत देऊ नका. सहा तास थांबा. अंगावर पातळ कपडे ठेवा, पाणी पाजत राहा."

फोन ठेवताना ते म्हणाले, "तुमचं सिरप मुलं आवडीनं घेतात म्हणे?"

सहा तास मी मोजून काढले. मनू माझ्यापासून शक्य तितक्या लांब, गादीच्या पलीकडच्या टोकाला झोपली. मी चिकट शर्टानं फरशीवर. अडीचला ती उठली, पुन्हा तापलेली आणि किरकिरी. मी सिरिंज भरली, पण जवळ न्यायची हिंमत होईना. फरशीवर ठेवून नुसता बसलो.

थोड्या वेळानं तीच सरकत आली. सिरिंज उचलली. "बाबा, आ कर."

मी आ केला. आणि तिनं दट्ट्या दाबला.

अकरा वर्षांत मी ते सिरप पहिल्यांदा चाखलं. विषाची परीक्षा कुणी बघत नाही म्हणतात. मी तर औषधाचीही बघितली नव्हती. पहिला क्षण स्ट्रॉबेरी, अगदी तिसऱ्या पानावर छापल्यासारखी. दुसरा क्षण नुसती साखर. आणि मग जिभेच्या मुळापासून असा कडूपणा वर आला, की पाडव्याला गुळाशिवाय कडुनिंब चावल्यासारखं वाटलं. पॅरासिटामॉल मुळातच कडू. गोडवा पुढे उभा करतात आणि कडूपणा मागून येतो. आमच्या धंद्यात एमआर आधी येतो आणि बिल मागून, तसंच.

मनू माझं तोंड निरखत होती. "कलू?"

"नाही गं, मस्त स्ट्रॉ..." सवयच ती.

तिनं मान फिरवली. ती फिरवलेली मान माझ्या ओळखीची होती. अकरा वर्षं मी ती टेबलाच्या या बाजूनं बघत आलोय.

"कडू आहे," मी म्हणालो. "घाण आहे. मागून कडू लागतं. पण वर लगेच पाणी पिलं की जातं."

तिनं विचार केला. "पानी दे."

मी पेला तयार ठेवला. सिरिंज नव्यानं भरून तिच्याच हातात दिली, वरून माझा हात. गालाच्या आत, थोडं, थांबून परत थोडं. थोडंसं फ्रॉकवर सांडलं, बाकीचं आत गेलं. घटाघट पाणी पिऊन तिनं तोंड वाकडं केलं. "शी."

"शी," मी म्हणालो. आमचं एकमत झालं. तासाभरात तिला घाम आला आणि ती माझ्या दंडावर झोपली.

दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा बायको आली, बोटाला शाई, डोळ्यांत झोप. तिनं आधी मनूच्या कपाळाला हात लावला आणि मग कालनिर्णयाकडे बघितलं. काही बोलली नाही. शिक्षिका आहे, उत्तरपत्रिका बघून कळतं तिला.

पुढच्या आठवड्यात मी त्याच डॉक्टरांच्या केबिनमध्ये होतो. तिसरं पान उघडलं. "सर, टेस्ट पुढून स्ट्रॉबेरी आहे, मागून कडू आहे. वर पाणी द्यायला सांगा."

डॉक्टरांनी मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हे चाखलंच नव्हतं?"

"नाही सर."

"मला वाटायचं, चाखूनसुद्धा म्हणताय."

तेव्हापासून मी ते वाक्य म्हणत नाही. त्या महिन्यात माझं टार्गेट पूर्ण झालं नाही.