डिकॅफकर

दारू सोडलेला माणूस देवळात जायला लागतो. तंबाखू सोडलेला बडीशेप चघळतो. कॅफीन सोडलेला माणूस बोलायला लागतो. अशा गृहस्थांना मी डिकॅफकर म्हणतो. वय साठीच्या आसपास, मुलगा अमेरिकेत, रक्तदाब किंचित वर आणि खिशात रुमाल असो-नसो, डिकॅफची, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीची, पुडी हमखास.

त्यांना पाहावं ते लग्नाच्या रिसेप्शनला. जेवणं आटोपलेली असतात, वाढपी पोरगा ट्रे घेऊन फिरत असतो.

"कॉफी, काका?"

"कॅफीनवाली?"

"नाही काका, दूधवाली."

डिकॅफकर करुणेनं हसतात, नुसतं गरम दूध मागवतात आणि खिशातली पुडी त्यात सोडतात. चमचा मात्र शेजाऱ्याचं लक्ष वेधलं जाईपर्यंत वाजवत राहतात. मग घड्याळ बघतात. "साडेनऊ. कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात. म्हणजे रात्री अडीच वाजता ह्यातलं निम्मं तुमच्या अंगात!" शेजारी घोट तोंडातच धरून बसतो. गिळावा की नाही, हे त्याला कळेना.

समजावून सांगण्याची हातोटी मात्र त्यांच्याकडे आहे. "मेंदूत अ‍ॅडेनोसिन दिवसभर साठत जातं, ते आपल्या जागेवर बसलं की झोप येते. कॅफीन काय करतं? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ती जागा धरून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन बिचारं उभं!" हे शास्त्राला धरून आहे. एवढं बोलून ते थांबले असते, तर हे व्यक्तिचित्र लिहावं लागलं नसतं.

पण पुढे जर्मनी येते. ब्रेमेनचा कॉफीचा व्यापारी लुडविग रोझेलिअस. वडील गेले ते अतिकॉफीनंच, अशी त्याची समजूत. म्हणून त्यानं कॉफीतलं कॅफीन काढायची रीत शोधली आणि 1906 साली कंपनी काढली. पितृभक्तीची ही कथा डिकॅफकर असे रंगून सांगतात की एखाद्या मावशींच्या डोळ्यांत पाणी येतं. रोझेलिअस ते कॅफीन बेंझीननं काढायचा, आणि बेंझीन कर्करोगकारक ठरलं, हा भाग त्यांच्या कीर्तनात येत नाही. आता बेंझीन कोणी वापरत नाही. पाण्यानं, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं किंवा दुसऱ्या द्रावकांनी काम भागतं. तरी कोणी विषय काढलाच, तर डिकॅफकरांना खोकला येतो.

मुळात आपल्याकडची कॉफी ती काय? कपभर दूध, दोन चमचे साखर, वर किसलेलं जायफळ आणि ह्या सगळ्यात रंगापुरती पूड. त्या पुडीतही बरेचदा चिकोरी, जिच्यात कॅफीन नसतंच. एकादशीला ती पिऊन आपले आजोबा दुपारी तासभर घोरत असत. अशा कॉफीतून कॅफीन काढणं म्हणजे काय काढणं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि चहा? सकाळी उठल्यावर एक, पेपराबरोबर एक, साडेपाचला आलं घालून एक. कपाला चाळीसेक मिलिग्रॅम धरलं, तरी डिकॅफकरांचं शंभरावर कॅफीन रोज सुखेनैव पोटात जातं. विचारलं तर म्हणतात, "चहाचं वेगळं असतं हो."

सुरुवातीला त्यांनी चहाही सोडला होता, हे वहिनींकडून कळलं. दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की उशीत तोंड खुपसून पडले. कॅफीन एकाएकी तोडलं की असं होतं. वहिनींनी गोळी दिली आणि थोड्या वेळात साहेब टुणकन उठून बसले. "बघ, कॅफीन गेल्यावर डोकं कसं हलकं झालं!" ती गोळी पॅरासिटामॉल आणि कॅफीनची होती. वहिनींनी पाकीट वाचलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा टाकला.

डिकॅफवर माझा राग नाही. कोणाला कपभर कॉफीनंही धडधडतं, कोणाची झोप उडते. त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र तिच्यातही थोडं कॅफीन उरतंच, आणि पित्त होतं म्हणून ती घेणाऱ्यांचं पित्त कॅफीन गेल्यानं शांत होईलच असं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2015 साली निरोगी प्रौढाला दिवसाला 400 आणि गरोदर बाईला 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं सांगितलं. डिकॅफकरांना हा आकडा ठाऊक आहे, पण तो ते सांगत नाहीत. सांगितला तर लग्नात बोलायचं काय?

तेव्हा मंडळी, रात्री झोप येत नसेल तर आधी साडेपाचचा चहा बंद करून बघा. डिकॅफ मागाहून आणा. ती महाग असते.