मागून उठणारी गाडी

फ्रान्समध्ये रेन शहरात राहायला आल्यावर शहाण्या माणसाने जी गाडी घेऊ नये तीच मी घेतली. सिट्रोएन बीएक्स, आमच्या लग्नापेक्षा वयाने मोठी. "ह्याच गावच्या कारखान्यात जन्मलीय," असं मी कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, "मग राहू दे ना तिला माहेरीच."

ह्या गाडीच्या चाकांना नेहमीच्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक लोखंडी गोळा, आत रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाला कोंडलेला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला हिरवं तेल. चाक उसळलं की तेल वायूला दाबतं आणि वायू त्याला परत ढकलतो. 1954 साली आधी फक्त मागच्या चाकांना आणि पुढच्या वर्षी डीएस गाडीच्या चारही चाकांना हे बसलं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्या पॉल माजेसकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. माझ्याकडे आहे. पुढचा सगळा प्रकार त्यातूनच उद्भवला.

आई सांगलीहून आली होती. रात्रभर बसकण मारलेली गाडी इंजिन सुरू होताच आधी मागून उठते, मग पुढून. "गायीगत उठतीय रे," म्हणून आई खूश. मात्र पहिल्याच गतिरोधकावर मागच्या सीटवरून तिचं डोकं छताला लागलं. मागचे गोळे गेले होते. वर्षानुवर्षं नायट्रोजन पडद्यातून झिरपून जातो आणि मागे उरतं ते तेल. तेल दबत नाही, आईचा मणका दबतो.

गॅरेजवाला म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाचे कसले पैसे द्यायचे? मी दोन नवे गोळे आणले आणि शनिवारी सकाळी जुनी पँट चढवली.

आधी गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची, कारण दाब सोडला की ती खाली बसते आणि तेव्हा आपण तिच्याखाली असतो. मग बॉनेट उघडून प्रेशर रेग्युलेटरवरचा स्क्रू बारा नंबरच्या पान्याने एक फेरा सैल करायचा. तो मी केला. फुस्स असा लांबलचक आवाज आला. त्या एका फुस्सवर मी मनातल्या मनात स्वतःचं गॅरेज टाकलं.

दुरुस्तीच्या पुस्तकात पुढे लिहिलं होतं, 'गोळा फिरवून काढा.' गंजाविषयी पुस्तकाने मौन पाळलं होतं. साखळीचा पाना लावून लोंबकळलो. पाना सटकला, कोपर बंपरवर आपटलं आणि तोंडातून अस्सल सांगली बाहेर पडली.

"अरे, शेजारी ऐकतायत."

"त्यांना मराठी येत नाही, आई."

"मला येतं."

गोळा अखेर सुटला तो बाहीतून काखेपर्यंत हिरवं तेल सोडूनच. नवी रबरी रिंग, नवा गोळा, हाताने आवळला. दुसऱ्याचीही हीच कथा, फक्त दुसरी काख.

गाडी खाली घेतली, इंजिन सुरू केलं. गाडी ढिम्म. समोर लाल अक्षरांत 'स्टॉप'. ह्याच तेलावर ब्रेकही चालतात, त्यामुळे जागचं हलायची सोय नाही. पंप गेला, हे मी तत्काळ जाहीर केलं. पंपात हवा शिरल्यावर काय काय होतं यावर आईला आकृती काढून व्याख्यान दिलं. नव्या पंपाची किंमत ऐकून बायको घरात निघून गेली.

शेवटी शेजारचे आजोबा आले, पायात घरातल्या सपाता. त्याच कारखान्यातून ते निवृत्त झालेत. बॉनेटमध्ये एकवार वाकून पाहिलं, माझ्यापुढे हात पसरला, पाना घेतला आणि तो स्क्रू एक फेरा घट्ट केला. गाडी मागून उठली. आजोबा अवाक्षरही बोलले नाहीत, पाना खिशात घालून चालते झाले.

"ह्यांचं शिक्षण किती झालंय, विचार की," आई म्हणाली. मी विचारलं नाही.

ही पद्धत वापरणारी कंपनीची शेवटची गाडी 2017 साली बंद झाली. तेव्हा ज्यांच्याकडे एखादी बीएक्स शिल्लक असेल त्यांनी तेल हिरवंच घालावं, साध्या ब्रेक ऑइलने आतली सगळी रबरं सडतात. गाडी उठली नाही तर पंपाला नावं ठेवण्याआधी तो स्क्रू बघावा. बारा नंबरचा पाना मात्र आमच्याकडे मागू नये, तो अजून आजोबांकडेच आहे.