काय दिवे लावलेत!

डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि एका आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला. अकरा. शाळेत पस्तीस वर्षं मी पोरांच्या पेपरांवर असेच गोल काढले. त्या पोरांच्या पोटात काय होत असेल, ते मला साठीनंतर कळलं.

"ड जीवनसत्त्व," डॉक्टर म्हणाले. "वीसच्या खाली म्हणजे नापासच. सर, तुम्ही उन्हात जात नाही का?"

मराठवाड्यातल्या माणसाला हे विचारायचं? कोकणातल्याला 'पावसात कधी भिजलात का' असं विचारण्यापैकी आहे ते. आमचा जन्म ऊन चुकवण्यात गेलेला. उपरणं, टोपी, खिशात कांदा, खिडकीत वाळ्याचा पडदा, तो गेला तेव्हा कूलर. एप्रिलच्या दुपारी छावणीकडून आमच्या पडेगावला येणाऱ्या दुचाकीवरच्या बायका पाहा. चेहऱ्याला ओढणी अशी गुंडाळलेली असते, की सख्ख्या नवऱ्यानंही गाडीच्या नंबरावरून ओळखावं. हे सगळं आम्हाला इतकं साधलं, की शेवटी सावली हाडांपर्यंत पोचली.

औषध मिळालं. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून. वर सूर्य फुकट ओततोय आणि मी मेडिकलच्या काउंटरवर त्याच्याच पुड्या मोजून घेतोय. घरी सौ.नं कागद वाचला, पुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आयुष्यभर काय दिवे लावलेत, ते दिसलं."

दिव्याला आपण देव मानतो. तिन्हीसांजेला त्याच्यापुढे हात जोडतो. 'विझवला' म्हणत नाही, 'शांत केला' म्हणतो. आणि कुणाची अब्रू काढायची वेळ आली की हाताशी पहिला तोच सापडतो. काय दिवे लावलेस? काय उजेड पाडलास? मोठा टेंभा मिरवतोय! मुलगा झाला की तो वंशाचा दिवा. पुढे तो जे काही दिवे लावतो, ते बहुतेक घरांत मुलीच निस्तरतात.

पुडीबरोबर डॉक्टरांनी एक अटही घातली होती. रोज वीस-पंचवीस मिनिटं हात-पाय उघडे टाकून उन्हात बसायचं. मी समजूतदारपणे म्हटलं, "सकाळचं कोवळं ऊन..." त्यांनी मान हलवली. कातडीत हे जीवनसत्त्व ज्या किरणांमुळे तयार होतं, ते सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातच गळून जातात. हिशेब सोपा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. आमच्यासारख्या सावळ्यांना गोऱ्यांपेक्षा वेळही जास्त लागतो. शिवाय काच ते किरण अडवते. म्हणजे बंद खिडकीशी आरामखुर्ची टाकून मी बारा वर्षं जे 'ऊन खाल्लं', ते नुसतंच शेकणं होतं.

तर चैत्रात, सकाळी साडेदहाला, बनियन आणि अर्धी चड्डी अशा वेषात मी गच्चीवर गेलो. जागाच नव्हती. गच्चीभर जुनी लुगडी अंथरलेली, त्यांवर कुरडया. पलीकडे बटाट्याचा कीस, कोपऱ्यात मिरच्या. मी कडेला टेकलो तोच आवाज आला, "अहो, तिकडं नका बसू, सावली पडते!" माझी सावली कुरडयांवर पडते म्हणून मला पाण्याच्या टाकीमागे, म्हणजे नेमकं सावलीत, बसवण्यात आलं. त्या महिन्यात पडेगावच्या बहुतेक गच्च्यांवर हेच चालतं. ऊन भरपूर असतं, पण ते कुणी खायचं याचा क्रम ठरलेला असतो. आधी कुरडया, मग गाद्या, मग लोणच्याच्या बरण्या. उरलं तर माणूस.

शेजारच्या गच्चीवरून चाचांनी माझ्याकडे पाहिलं. बनियन पाहिलं, चड्डी पाहिली. "क्या सर, लाइट गई क्या?"

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे वीज आभाळात असते. तारेतून येते ती लाइट. पंखा थांबला, लाइट गेली. मोटार चालेना, लाइट नाही. बिल येतं तेही लाइटचंच. शेतकऱ्याला तर तिचं वेळापत्रक पंचांगासारखं पाठ असतं. ती या आठवड्यात दिवसाची, पुढच्या आठवड्यात रात्रीची. रात्रीची असली की थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आमच्या गल्लीत संध्याकाळ म्हणजे ओट्यावर बसून वाट पाहणं होतं. आणि मग सगळ्या घरांतून एकदम एकच हाक निघायची: "आली!" तसा एकमुखी आनंद मी त्यानंतर 2011 च्या वर्ल्डकपलाच ऐकला. आता लाइट क्वचित जाते. गेली तरी इन्व्हर्टर लागतो आणि कुणी ओट्यावर येत नाही.

चाचांना मी म्हटलं, "नाही चाचा, लाइट घेतोय." त्यांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं.

एक गोष्ट मात्र मला या टाकीमागे कळली. घरात ट्यूब लावली की आपल्याला वाटतं, लख्ख उजेड आहे. मोजायला गेलं तर तो शे-दोनशे लक्स भरतो. भर उन्हात तोच आकडा लाखाच्या घरात जातो. पाचशेपट, हजारपट फरक. पण डोळा समंजस सुनेसारखा तो आपल्याला कळू देत नाही, आत-बाहेर सगळं सांभाळून घेतो. शरीरातलं घड्याळ मात्र फसत नाही. ते घड्याळ आतून कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते वेळेवर लागतं. रात्री अकराला मोबाइलचा निळसर उजेड गेला की त्याला वाटतं, दिवस मावळायचाय अजून.

माझी आजी दिवेलागण झाली की जेवायला वाढायची आणि तासाभरात सगळ्यांना झोपवायची. आजीला हे शास्त्र आधीच ठाऊक होतं, असा दावा मी करणार नाही. आजकाल तसे दावे फार होतात. आजीला रॉकेल वाचवायचं होतं.

कन्नड तालुक्यातलं ते घर. मोठ्यांना कंदील, आम्हा पोरांना चिमणी. कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम माझं, कारण घरात माझाच हात तेवढा लहान. काच तडकली की दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोलायचं नाही. रात्री कंदील मधे ठेवला की त्याच्या वर्तुळात जेवढे मावत तेवढंच घर असायचं. भांडणसुद्धा त्याच वर्तुळात बसून करावं लागे. उठून कुठं जाणार? आज आमच्या घरात चार खोल्यांत चार ट्यूबा आहेत आणि चार मोठी माणसं.

ज्ञानेश्वर आमच्याच जिल्ह्यातल्या आपेगावचे. 1290 मध्ये नेवाशात त्यांनी गीतेवर नऊ हजारांवर ओव्यांची टीका सांगितली. ती 'भावार्थदीपिका' म्हणून ओळखली जाते. दीपिका, म्हणजे छोटा दिवा. एवढ्या ग्रंथाच्या नावात सूर्य नाही. आज गल्लीतल्या कुणाच्या वाढदिवसाच्या फलकावरही मागे उगवता सूर्य असतो.

खरा अंधार मात्र मी आजीकडे पाहिला नाही. तो पाहिला देवगिरीवर. पडेगाव सोडलं, मिटमिटा आणि शरणापूर मागं टाकलं की तो डोंगर समोर उभा राहतो. शाळेच्या सहली घेऊन मी तिथं किती वेळा गेलो असेन, मोजलं नाही. किल्ल्यात वर जाताना कातळात कोरलेला तो वळणावळणाचा बोगदा लागतो. नाव अगदी सरळ: अंधारी. शत्रूला आत घेऊन चकवण्यासाठी केलेला. मशालवाला पुढे चालायचा, वटवाघळांचा वास यायचा, आणि एका वळणावर तो मशाल आड धरायचा, "आता बघा" म्हणायचा. बघायला काहीच नसायचं. वर्गात एक मिनिट गप्प न बसणारी पन्नास पोरं श्वास धरून उभी. एकदा त्या काळोखातून बारीक आवाज आला, "सर, तुम्ही आहात का?" मशाल पुढे आली तेव्हा दिसलं, विचारणारा वर्गातला सगळ्यात दांडगा होता. त्यानं माझा शर्ट मुठीत धरला होता. मी त्याचं मनगट कधी धरलं, ते मला आठवत नाही.

त्याच रस्त्यानं पुढे वेरूळला गेलं तर उलटा प्रकार. दहा नंबरचं लेणं, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. तोंड पश्चिमेला. मार्चच्या सुरुवातीच्या दिवसांत दुपार कलली की वरच्या गवाक्षातून ऊन आत शिरतं आणि बुद्धाच्या चेहऱ्यावर येऊन थांबतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला गर्दी लोटते. इथं एखाद-दुसरा गाइड, चार पर्यटक. मी एकदा गेलो होतो. काही मिनिटांचं काम. नंतर त्या दगडी सभागृहात नुसतंच बसावंसं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या उजेडाचं वर्षभराचं कंत्राट एकाच माणसाकडे आहे. त्याची शिडी तीच, माळा त्याच. 14 एप्रिलला निळ्या लागतात, ईद-ए-मिलादला हिरव्या, गणपतीत आणि दिवाळीत सगळ्या रंगांच्या, नाताळला दोन घरांवर चांदणी. एकदा घाईत गणपतीच्या मांडवावर अर्धी माळ हिरवी राहिली. कुणी काही बोललं नाही. छान दिसत होती. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात, तो ठेवायला मात्र सौ. स्वतः बाहेर येते आणि मोबाइलच्या कंपासवर दिशा पाहते. यमाच्या बाबतीत अंदाजानं चालत नाही.

नातू जन्मला तेव्हा तिसऱ्या दिवशी पिवळा पडला. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या उजेडाखाली ठेवला. मी काचेबाहेर उभा, हात जोडलेले, कुणापुढे ते ठाऊक नाही. या उपचाराची गोष्ट नंतर वाचली. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात 1956 साली वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्या ऊन खायला अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. त्याच्या अंगाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त एक त्रिकोण पिवळाजर्द राहिला होता. चादरीचा कोपरा तेवढ्या जागेवर पडलेला होता. दोन वर्षांनी, 1958 मध्ये, डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांखाली बाळं ठेवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आमच्या पिढीच्या आया बाळाला दारात कोवळ्या उन्हात धरायच्याच. पण सिस्टरबाईंचं लक्ष गेलं ते सावलीकडे.

तो नातू आता सहा वर्षांचा आहे आणि माझ्या ऊन-उपचारात भागीदार. 'सावली आखूड झाली का' हे तो पट्टीनं मोजतो. गेल्या मे महिन्यात मी त्याला सांगितलं, की आपल्या गावावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. 20 मेच्या सुमारास एकदा, आणि परत जाताना जुलैच्या 23-24 तारखेला. दुपारी साडेबाराच्या आसपास आम्ही गच्चीच्या मधोमध तांब्या ठेवला. कुरडया उतरल्या होत्या, म्हणून परवानगी मिळाली. तांब्याची सावली सरकत सरकत त्याच्या बुडाखाली गेली. नातवानं स्वतःच्या पायाखाली पाहिलं, एक पाय उचलून पाहिलं. "आजोबा, माझी गेली!" एवढा उजेड, आणि पोराच्या डोळ्यांत पाणी. 'साडेबारा होऊन गेले की परत येते' असं सांगून त्याला खाली आणला. माझ्या टकलावर तेवढ्या वेळात जे जीवनसत्त्व जमा झालं असेल ते असेल.

दुसरी खेप आली ती 24 जुलैला. त्या दिवशी दिव्यांची अवस होती. आभाळ गच्च, सूर्य डोक्यावर होता की सुट्टीवर, कळायला मार्ग नव्हता. घरात सकाळपासून चिंचेनं दिवे घासणं चाललेलं. समई, निरांजनं, लामणदिवा, आजीचा तो कंदील. संध्याकाळी पाटावर सगळे मांडले तेव्हा नातवानं चार्जिंगचा दिवा आणि माझी बॅटरीही आणून ठेवली. सौ.नं क्षणभर विचार केला आणि त्यांनाही हळद-कुंकू वाहिलं. याच रात्री अर्धा महाराष्ट्र गटारी म्हणून निराळेच दिवे लावतो, त्याबद्दल आमच्या घरात बोलायची बंदी आहे.

गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे उकडून तयार होते. त्यांत तुपाच्या वाती. नातवाला पाटावर बसवून ओवाळायला ताट उचललं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरही दोन दिवसांपासून मान टाकून पडलेला.

कुणी जागचं हललं नाही. कणकेच्या पाच दिव्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला, आणि नातवाची सावली छतापर्यंत गेली. त्यानं हात वर केला. भिंतीवरच्या राक्षसानंही केला. मग मी बोटं जुळवून हरीण केलं, सुनेनं ससा केला, मुलानं पंधरा वर्षांनी गरुड केला. सौ. "ताट हलतंय, तूप सांडेल" म्हणत राहिली आणि ताट मुद्दाम हलवत राहिली.

बाहेरून हाक आली, "आली!" ट्यूब लुकलुकली आणि लागली. भिंत पांढरी झाली.

"आजोबा, बंद करा ना ती," नातू म्हणाला.

मी उठून बटण दाबेपर्यंत त्यानं ताटातला एक दिवा उचलला, वात शांत केली, तुपात बुडवला आणि खाऊन टाकला.