म्हातारीवरचा आळ

१९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८००. त्यातल्या एखादीत नवा स्टिरिओ बसवला आणि तिसऱ्या सकाळी ती सुरू झाली नाही, की निदान ठरलेलं: ‘गाडीचं वय झालं.’ आदल्या आठवड्यापर्यंत हीच म्हातारी एका चावीत उठत होती, हा पुरावा कोणी विचारात घेत नाही. स्टिरिओची पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला कायम बॅटरीवर असते. लाल वायरीत मात्र चावी फिरवल्यावरच करंट यायला हवा. दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडल्या, की स्टिरिओ रात्रभर जागा राहू शकतो. त्याने अर्धा अँपिअर जरी खाल्ला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास झाले. ३५ ची बॅटरी तीन दिवसांत आटोपते.

जुन्या वायरी कडक होतात, अर्थिंगला गंज चढतो, हा आक्षेप खराच. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे शीळ चढत जाते, ती बहुधा अशा कच्च्या अर्थिंगचीच. पण मग गंज शोधावा! बॅटरी उतरत असेल तर चावी काढून, निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर लावावा, एकेक फ्यूज उपसावा. आकडा घसरला की चोर सापडला. त्याऐवजी उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. फ्यूज पुन्हा उडत नाही, हे कबूल. त्याच्या वतीने वायर जळते, आणि वास आला की म्हणायचं, ‘आता विकूनच टाका.’