एक-चोवीस

इंग्लंडात हॅरो, स्लाउ, हाउन्सलो, रेडिंग, कुठेही चार मराठी घरं असू द्या, त्यांत एक ‘एक-चोवीस’ निघतोच. हे त्याचं आडनाव नव्हे, व्याजदर आहे. २०२१ साली बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ टक्क्यावर होता तेव्हा याने घराचं कर्ज १.२४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी फिक्स केलं. तेव्हापासून नवीन माणूस भेटला की नावाच्या आधी तो दर सांगतो.

२०२२च्या सप्टेंबरात लिझ ट्रसबाईंच्या सरकारचं मिनी-बजेट आलं, बँकांनी कर्जाच्या शेकडो योजना धडाधड मागे घेतल्या, आणि अख्खी मराठी मंडळी फोनला चिकटली. हा मात्र बागेत टोमॅटोला पाणी घालत होता. पुढच्या वर्षी बँक ऑफ इंग्लंडचा दर सव्वापाचवर गेला. दोन वर्षांचा फिक्स घेतलेले लोक नेमके तेव्हाच नव्या करारावर सह्या करत होते आणि त्यांचं सांत्वन करायला हा जातीने हजर असायचा. “मला एकवीस सालीच वास आला होता,” असं म्हणून तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

वास आला होता तो ब्रोकरला. हा दोन वर्षांवरच अडून बसला होता. ब्रोकरने तीन-तीनदा फोन करून पाच वर्षं गळी उतरवली. ही गोष्ट ब्रोकरला ठाऊक आहे आणि बायकोला. ब्रोकर बोलत नाही, बायको योग्य वेळेची वाट बघते.

ती वेळ आता आली आहे. २०२६ उजाडलं, पाच वर्षं भरली, बँकेचं पत्र आलं. अमुक तारखेला तुमचा फिक्स संपतो. काहीच केलं नाहीत तर आमच्या एसव्हीआरवर जाल. एसव्हीआर म्हणजे बँकेच्या मर्जीने वरखाली होणारा, नव्या करारांपेक्षा बराच चढा दर. एक-चोवीस एक्सेल उघडतो. अडीच लाख पाउंड, पंचवीस वर्षं, हप्ता ९७०. पाच वर्षांत फिटून उरले दोन लाख सहा हजार. नवा दर ४.२ धरला तर उरलेल्या वीस वर्षांसाठी हप्ता १२७०. महिन्याला तीनशेची वाढ! पण तीनशेंचं दुःख तो दोन दिवसांत पचवतो. त्याला रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच आकड्याने.

ब्रोकरचं कमिशन! कर्ज मिळवून दिल्याबद्दल ब्रोकरला पैसे देते ती नवी बँक, साधारण ०.३५ टक्क्यांच्या घरात. दोन लाख सहा हजारांवर सातशे एकवीस पाउंड. “माझ्या एका सहीवर सातशे एकवीस!” तो चहा ढवळत राहतो, साखर न घालता. बायको म्हणते, “अरे, तू थेट बँकेत गेलास तर ते सातशे तुला मिळणार आहेत का?” नाही मिळणार. बँकेकडेच राहणार. पण बँकेने ठेवले तर तो धंदा, आणि ब्रोकरने घेतले तर ते याच्या खिशातून, असा त्याचा हिशेब आहे आणि तो एक्सेलमध्ये बसत नाही.

बरं, कमिशनवर भागवणारा ब्रोकर ग्राहकाकडून काही घेत नाही, तर हा म्हणतो, “फुकट आहे ना, मग कुठेतरी गोम असणार.” दुसरा ब्रोकर कमिशन घेऊन वर चारशे पंचाण्णव फी मागतो, तर तो लुटारू. थेट बँकेत जावं, तर बँकेतली बाई आपल्याच बँकेचे दर दाखवणार. आंबेवाल्याला ‘आंबे घेऊ की केळी’ विचारण्यातला प्रकार. आणि ब्रोकरकडे सगळा बाजार असतो म्हणावं, तर काही योजना बँका फक्त थेट येणाऱ्यालाच देतात. उलट काही लेंडर असे, की ते ब्रोकरशिवाय दारात उभं करत नाहीत. हे सगळं त्याला पाठ आहे. पाठ असल्यामुळेच निर्णय होत नाही.

लॅपटॉपवर सव्वीस टॅब. एकात ९९९ पाउंड फीचा स्वस्त दर, शेजारी बिनफीचा ०.२ने महाग. दोन वर्षांचा करार असेल तर स्वस्त दराने आठशेच्या आसपास वाचतात, म्हणजे फीसुद्धा निघत नाही. पाच वर्षांचा असेल तर जवळपास दुप्पट निघते. हे गणित त्याने अचूक मांडलंय, हे मान्य करायला हवं. फक्त दोन वर्षं की पाच, हे ठरलेलं नाही.

खरं सांगायचं, तर याच्यासारख्याला ब्रोकरची फारशी गरज नसते. पक्की नोकरी, दरमहा पगार, कर्ज वाढवायचं नाही. ब्रोकर लागतो तो काँट्रॅक्टरला, धंदेवाल्याला, व्हिसावर असणाऱ्याला. कुठला लेंडर बोनस पूर्ण धरतो आणि कुठला निम्माच, हे बँकेची बाई सांगत नाही. पण सल्ला घेतला आणि तो चुकीचा निघाला तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे दाद मागता येते. ॲपवर आपणच बटण दाबलं तर दाद घरातच मागायची, आणि तिथला निकाल पाच वर्षांपूर्वीच लागून राहिलेला.

शेवटी तो ब्रोकरला फोन करतो. दुपारी, ऑफिसच्या जिन्यात, बीबीसीच्या उच्चारात. “जस्ट एक्सप्लोरिंग,” असं सुरुवातीलाच बजावतो. ब्रोकर पगाराच्या तीन स्लिपा आणि तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं मागतो. रात्री बसून हा स्टेटमेंट वाचतो आणि त्याला पहिल्यांदा कळतं, की दर शुक्रवारी डोसे कोण मागवतं. लॉटरीची तिकिटं तर त्याचीच निघतात. पाठवायच्या आधी तो ब्रोकरला लांबलचक ईमेल लिहून डोशांचं स्पष्टीकरण देतो. ब्रोकरने विचारलेलं नसतं.

मग तासभर बोलणं होतं. ब्रोकर बाजार धुंडाळतो, नव्या बँकेचं मूल्यांकन, वकील, कागदपत्रं यांचा ताप आणि मिळणारा फायदा समोर मांडतो आणि म्हणतो, “आहात त्याच बँकेत राहा. त्यांचा पाच वर्षांचा दर चांगला आहे. प्रॉडक्ट ट्रान्सफर करून घेऊ, मी फॉर्म पाठवतो.” म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये पहिल्याच दिवशी दिसत होता तोच दर. एक-चोवीस तोंडभर आभार मानतो, “लेट मी स्लीप ऑन इट” म्हणतो, फोन ठेवतो आणि झोपण्यापूर्वी ॲप उघडून स्वतःच चार बटणं दाबून मोकळा होतो. ब्रोकरला दमडी नाही. बायको विचारते, “काय ठरलं?” तो म्हणतो, “अभ्यास केला. राहायचं.”

डॉलिस हिलला लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२पासूनचं. गणपतीत तिथे प्रसादाच्या रांगेत नवीन लग्न झालेलं एखादं जोडपं भेटतं, पहिलं घर घेतलेलं. एक-चोवीस (आता चार-शून्य-सात, पण ते कुणी विचारल्याशिवाय तो सांगत नाही) त्यांना बाजूला घेतो. “ब्रोकरशिवाय जाऊ नका हं,” तो गंभीरपणे म्हणतो. “माझा माणूस आहे, एकवीस सालापासूनचा. नंबर देतो, माझं नाव सांगा.”

आणि नाव सांगितल्याबद्दल आपल्याला पन्नास पाउंडांचं व्हाउचर मिळतं का, हे त्याने त्या ब्रोकरला आदल्याच दिवशी विचारून ठेवलेलं असतं.